नोंदवहीत नाव सापडत नाही तेव्हा



स्नानसंस्काराचा दाखला मागायला आपण सारेच कधी ना कधी चर्चच्या कार्यालयात गेलो आहोत. वहीत नाव सापडले नाही तर केवढी धावपळ होते! स्कॉटलंडमध्ये आपल्या घराण्याचा शोध घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. तो का, हे आज समजून घेऊ.

तेथे १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्याआधीचा सारा भरवसा धर्मग्रामांच्या वह्यांवर. नऊशेहून अधिक धर्मग्रामांच्या सुमारे ३,५०० वह्या आज एडिंबरा येथे जतन केलेल्या आहेत. सर्वांत जुनी पर्थशायरमधील एरल गावची, १५५३ सालची. म्हणून शोध उलटा करायचा. आधी १८५५ नंतरच्या दाखल्यातून आईवडिलांची नावे काढायची, मग मागे जायचे. आईचे माहेरचे आडनाव बहुधा लिहिलेले असते, हा मोठाच आधार. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवायची रीतही होती. त्यावरून आजोबांचा अंदाज बांधता येतो. मात्र एकाच गावात एकाच नावाचे चार चुलतभाऊ निघतात!

या वह्या प्रॉटेस्टंट चर्चच्या. १५६० साली तेथील संसदेने पोपमहोदयांचा अधिकार नाकारला आणि मिस्साला बंदी घातली. लपूनछपून फिरणाऱ्या धर्मगुरूंना वह्या ठेवणे कसे जमावे? उपलब्ध कॅथोलिक नोंदी १७०३ पासूनच्या आहेत, त्याही थोड्या आणि बऱ्याचशा लॅटिनमध्ये. कायद्याची बंधने सैल झाली ती १७९३ मध्ये. विवाह लावण्याचा कायदेशीर अधिकार तर आपल्या धर्मगुरूंना १८३४ पर्यंत नव्हता. त्यामुळे कॅथोलिक जोडप्याचे नाव प्रॉटेस्टंट वहीतही मिळू शकते. दोन्हीकडे पाहावे. तेथे पुष्कळदा विवाहाची घोषणाच तेवढी लिहिलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. घोषणा झाली म्हणजे लग्न झालेच असे नाही.

१७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. निराधारांना सूट होती, तरी अनेकांनी लेकरांची नोंदच केली नाही. १७९४ मध्ये कर उठला, पण मधल्या वर्षांतली ती बाळे वहीबाहेरच राहिली. देवाच्या नावाने झालेल्या संस्कारावर कर लावण्याची ही कल्पना कोणाला सुचली असेल!

मृत्यूच्या नोंदी त्याहून विरळ. पुष्कळ ठिकाणी शवपेटीवर घालायच्या कापडाचे भाडे किती आले, एवढेच लिहिलेले आढळते. ज्या घराला ते भाडे परवडले नाही, तिथला माणूस केव्हा गेला हे वही सांगत नाही. त्याचे नाव मग लेकराच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत बाप म्हणून, नाहीतर शेजाऱ्याच्या बाळाचा साक्षीदार म्हणून शोधावे लागते.