सत्तर पानांचा पुडा

माझ्या पीएच.डी.चा विषय मला एका दमात कधीच सांगता आला नाही. हवामान बदल, त्याचं गव्हर्नन्स आणि वनधोरण, असं काहीतरी लांबलचक नाव होतं. आई नातेवाइकांना "ती झाडांवर काहीतरी करते" एवढंच सांगायची, आणि मी चिडायचे. पुण्यातून निघताना माझ्याजवळ चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात ती किती कामाची ठरली, ते प्रबंधात लिहायची सोय नव्हती. म्हणून इथे लिहिते.

१. माझ्या विषयाला मराठीत शब्दच नाही, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. 'गव्हर्नन्स'चं आधी 'शासन' केलं, मग 'सुशासन', मग कुठल्याशा कोशातून 'अभिशासन' उचललं. पहिल्याच बैठकीत एक आजी म्हणाल्या, "शासन म्हंजे सरकारच ना जी? मग सरकारले विचारा." सगळे हसले, मीही हसले, आणि रात्री प्रश्नावली काढून बसले. दुसऱ्या खेपेला विचारलं, "इथल्या जंगलाचा कारभार कोण बघतं?" मग मात्र तासभर कुणी थांबेना. राखणीची पाळी कुणाची, हिरवं झाड तोडलं तर दंड किती, दोन वर्षांपूर्वीच्या दंडाचे पैसे नेमके कशावर खर्च झाले, यावरून एक जुनं भांडणही माझ्यादेखत नव्याने पेटलं. 'कारभार' हा शब्द मला आधीही सुचला होता. फार घरगुती वाटला म्हणून मीच टाकून दिला होता.

२. जंगल म्हणजे काय, हे मला माहीत आहे असं वाटत होतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर १० टक्क्यांहून जास्त झाडांची छत्री दिसली की ते वनाच्छादन. जमीन कुणाची आणि झाड कसलं, हे उपग्रह विचारत नाही. देवगडजवळ मामाची हापूसची बाग आहे. मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं, की तुझी बाग देशाच्या वनाच्छादनात धरली जात असणार. तो म्हणाला, "म्हणजे आता आंबे काढूक रेंजराची परवानगी लागतली काय गो?" लागणार नाही, कारण वनाच्छादन वेगळं आणि कायद्यातलं वन वेगळं. विदर्भात सरकारी दप्तरी 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनींची गत याच्या नेमकी उलटी. त्यातल्या कित्येक जमिनींवर वर्षानुवर्षं घरं आहेत, शाळा आहेत, शेती आहे. तरी ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनच समजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ठरवलं. जुन्या वापराला वाट ठेवली, ती अटी घालून. वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. पूर्वी हा आकडा मी व्याख्यानात ठासून सांगायचे. हल्ली सांगते, पण लगेच मामाची बाग आठवते आणि आवाज जरा खाली येतो.

३. कायदा वाचला म्हणजे कळला असं नाही, हे मला बांबूने शिकवलं. १९२७ चा भारतीय वन कायदा बांबूला झाडांत मोजत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घातलं, म्हणजे सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला तो तोडता आणि विकता यायला हवा. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा पास लागायचा, आणि तेव्हा पास द्यायचं वनखातं. हक्क गावाचा, पासबुक खात्याचं! शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्यात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. हे सगळं मी पुण्यात बसून वाचलं होतं आणि समासात 'संस्थात्मक सुधारणा' अशी टीप मारली होती. पुढे दुसऱ्या एका गावात असलं पासबुक प्रत्यक्ष पाहिलं. लोखंडी कपाटात, ठरावांच्या वहीपासून वेगळं, कापडात गुंडाळून ठेवलेलं. मला ते हातात दिलं नाही, लांबून दाखवलं. कलमांवर तीस पानं लिहिलेल्या बाईला पावतीपुस्तकाची किंमत तिथे कळली.

बांबूचं आणखी एक. माझ्या तक्त्यात बांबूतोड 'ऱ्हास' या रकान्यात होती. एका दादांनी मला बेटापाशी नेलं, जुने बांबू काढले नाहीत तर आत कशी गर्दी होते आणि वास्ते, म्हणजे नवे कोंब, सरळ वर यायला जागा कशी उरत नाही, ते दाखवलं. कोवळे बांबू मात्र तोडायचे नाहीत, असा गावाचा नियम. म्हणजे मी ज्याला ऱ्हास म्हणत होते, ती निगराणी होती. रकाना बदलला, तक्ता मोडला, मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली.

४. सगळ्यात मोलाचे दोन प्रश्न माझ्या चौसष्टांत नव्हतेच. पॅरिस कराराच्या वेळी भारताने शब्द दिला, की २०३० पर्यंत झाडं आणि जंगलं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकी जादा साठवण करू. ग्रामसभेत हे समजावताना मी फळ्यावर शून्यं काढत होते. शून्यं संपल्यावर मागून एकाने विचारलं, "याचा पैसा आला तर कोणाच्या खात्यात येईल जी?" आणि एका बाईंनी, "मग मोह वेचाले, सरपण आणाले जाऊ देतील का?" जंगल राखणाऱ्याला मोबदला देण्याच्या योजनेवर २००७ च्या बालीपासून २०१३ च्या वॉर्सापर्यंत देशोदेशीच्या वाटाघाटी झाल्या. त्यांची जाडजूड कागदपत्रं मी वाचली होती. त्यांतही बरीचशी खडाजंगी याच दोन प्रश्नांवर आहे, फक्त भाषा अशी की प्रश्न सापडत नाहीत. उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही सांगताना मी 'जर' आणि 'तर' फार वापरते.

५. मे महिन्यात पाहणी ठेवणं हा माझा सर्वांत मोठा मूर्खपणा. कॉलेजला सुट्टी म्हणून मला सोयीचं, आणि गावात नेमका तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाट व्हायच्या आत अख्खं गाव जंगलात, दुपारी पानांचे भारे घेऊन परत, मग ओसरीत पुडे बांधायचे. दोन-तीन आठवड्यांच्या या हंगामावर वर्षातली मोठी रोख कमाई अवलंबून. तेव्हा 'हवामानाविषयी तुमची धारणा' कोण सांगत बसणार? मी प्रश्नावली पिशवीत घातली आणि पुडे बांधायला बसले. एका पुड्यात सत्तर पानं. माझ्या पुड्यांत कधी अडुसष्ट भरायची, कधी त्र्याहत्तर. शेजारची शाळकरी पोरगी न बोलता माझा पुडा सोडायची, मोजायची, पुन्हा बांधायची. तिसऱ्या दिवशी तिने मला नुसती पानं पुसायला दिली. पण त्याच ओसरीत पावसाविषयी जे कळलं, ते चौसष्ट प्रश्नांनी कळलं नसतं. पानं तोडायच्या दिवसांत अवकाळी सर आली तर वाळत घातलेला माल डागाळतो, आणि ठेकेदार भाव पाडतो. हवामान बदल तिथे असा येतो, पानावरच्या काळ्या डागातून.

६. वनरक्षकाला मी 'राज्यसंस्था' या गटात टाकलं होतं. त्याच्यासोबत दोन दिवस चालल्यावर त्याची वही पाहिली. वणवा कुठे लागला, कुठला पाणवठा आटला, सगळं तारखेनिशी. त्याला गटात कुठे बसवायचं, हे मी शेवटपर्यंत ठरवलं नाही.

७. मोजायला सोपं तेच आपण मोजतो. जंगल प्रकल्पाला दिलं की भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावायची, त्यासाठीच्या निधीचा २०१६ चा कायदा आहे, आणि २०१९ मध्ये या निधीतले ४७ हजार कोटींहून जास्त रुपये राज्यांना मिळाले. एका रोपवनापाशी मी फलकाचा फोटो काढला. क्षेत्र, वर्ष, रोपांची संख्या, सगळं होतं. किती जगली, तेवढं नव्हतं. मनातल्या मनात लेख लिहायला घेतला. मुक्कामी येऊन स्वतःचा तक्ता उघडला, तर त्यातही रकाना फक्त 'लावलेली रोपं' असाच होता. तो लेख अजून लिहिलेला नाही.

८. अभ्यासाला परवानगी देताना ग्रामसभेने एकच अट घातली होती: जे लिहाल, त्याची प्रत द्यायची. प्रबंध पूर्ण झाल्यावर दिली. "इंग्रजीत हाय, मराठीत द्या," असा निरोप आला. चारशे पानांचा नऊ पानी मराठी सारांश करायला मला तीन महिने लागले, आणि करताना ध्यानात आलं की उरलेल्या पानांत त्यांना सांगण्याजोगं फारसं नाहीच. गेल्या महिन्यात पत्र आलं: तक्ता क्रमांक सातमध्ये बांबूच्या विक्रीचा आकडा चुकला आहे, आमच्या वहीत वेगळा आहे. मी मूळ नोंदी काढून पाहिल्या. त्यांचं बरोबर आहे.