गिऱ्हाईकाच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय बसवलंय? बसल्या जागी यादी काढा



नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव या भागात कॉम्प्युटर देखभालीचा व्यवसाय सुरू करायचा विचार करताय? मग हा प्रसंग डोळ्यासमोर आणा. एका पतसंस्थेत बारा मशीन आहेत. मॅनेजर विचारतात, "ऑफिस २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणे. आपल्याकडे ते किती मशीनवर आहे?" तुम्ही एकेका खुर्चीवर बसून बघत गेलात तर अर्धा दिवस गेला, आणि काउंटरचं काम थांबलं ते वेगळंच.

आपल्याच जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या काही कित्येक किलोमीटर लांब. पण त्या चालवल्या जातात मध्यवर्ती कंट्रोल रूममधून. ऑफिसमधल्या मशीनची माहितीही अशीच एका जागेवरून घेता येते. त्यासाठीच्या पद्धतीचं नाव एसएनएमपी.

हे चालतं कसं?

प्रत्येक मशीनवर 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू असतो. तुमचा कॉम्प्युटर यूडीपी पोर्ट १६१ वर प्रश्न विचारतो, एजंट उत्तर देतो. बसवलेल्या सॉफ्टवेअरचा तक्ता १.३.६.१.२.१.२५.६.३ या क्रमांकाखाली मिळतो. नेट-एसएनएमपीमधल्या 'एसएनएमपीवॉक' कमांडला मशीनचा आयपी पत्ता आणि हा क्रमांक दिला की यादी समोर येते. नाव, प्रकार आणि बसवल्याची तारीख त्यात असते.

यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

या तक्त्यात आवृत्तीचा वेगळा रकाना नाही. लिनक्सवर ती सहसा नावातच जोडलेली येते. विंडोजवर नावात असेल तरच कळते. शिवाय पेनड्राइव्हवरून थेट चालवलेला प्रोग्रॅम यात दिसत नाही, कारण तो रीतसर बसवलेलाच नसतो. म्हणून आधी एका मशीनची यादी कंट्रोल पॅनेलशी ताडून बघा, मगच बाकीची घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं

जी यादी तुमच्या कामाची, तीच चोराच्याही कामाची. कुठलं सॉफ्टवेअर जुनं आहे हे कळलं की कुठलं दार ढकलायचं तेही कळतं. पतसंस्थेत तर लोकांच्या ठेवी असतात. म्हणून हे पाळाच:

१. 'पब्लिक' हा सगळ्यांना माहीत असलेला परवलीचा शब्द ताबडतोब बदला.
२. लिनक्सवर आवृत्ती ३ वापरा. तिच्यात ओळख पटवणं आणि माहिती सांकेतिक करणं, दोन्ही होतं. आवृत्ती १ आणि २सी मध्ये परवलीचा शब्द उघडाच जातो.
३. विंडोजमधली सेवा आवृत्ती ३ देत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने तिचा पुढचा विकासही थांबवलाय. वापरायचीच असेल तर फक्त तुमच्या मशीनच्या आयपीला परवानगी द्या आणि काम झालं की बंद करा.
४. एजंटला फक्त वाचायची मुभा ठेवा, बदल करायची नको.
५. राउटरमधून पोर्ट १६१ इंटरनेटला कधीच उघडू नका. घरबसल्या बघायची सोय गिऱ्हाईकाला महागात पडेल.

यातून धंदा कसा?

वार्षिक देखभालीच्या करारात "वर्षातून दोनदा सॉफ्टवेअरची लेखी यादी" हे कलम घाला. मालकाची लेखी परवानगी आधी घ्या. यादीसोबत एका पानावर साध्या मराठीत लिहून द्या: काय जुनं झालंय, काय काढून टाकायचं, कशाचं लायसन्स नाही. आणि ती यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, मालकाच्या हातात द्या.

बंद पडलेलं मशीन चालू करून देणारे तालुक्यात बरेच आहेत. बंद पडायच्या आधी सांगणारा माणूस गिऱ्हाईक सोडत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्याच दोन मशीनची यादी काढा आणि कुठलं सॉफ्टवेअर यादीत आलं नाही ते शोधा. चुका घरी करा, गिऱ्हाईकाकडे नको!