नैनिताल : एक दिवसाची सहल आणि डोंगरउताराचा धडा



सुट्टीत मुलांना घेऊन नैनितालला जायचा बेत आहे का? मग तिथला एक दिवस असा घालवून बघा.

काठगोदाम स्टेशनहून घाट चढून गाडी तल्लीतालला येते. समोरच तलाव! मुलांना विचारा, या टोकाला तल्लीताल आणि त्या टोकाला मल्लीताल का म्हणतात? ताल म्हणजे तलाव. तल्ली म्हणजे खालचा, मल्ली म्हणजे वरचा. आपल्याकडे वरची आळी, खालची आळी असते ना, तसंच. १८४१ मध्ये बॅरन नावाचा इंग्रज साखर व्यापारी इथे आला. त्यानंतर बंगले, चर्च, शाळा उभ्या राहिल्या.

तलावाकाठच्या मॉल रोडने चालत मल्लीतालला जा. नैनादेवीचं दर्शन घ्या, नौकेत बसा. देवळाशेजारी 'फ्लॅट्स' नावाचं मोठं मैदान आहे. चहूकडे डोंगर असताना एवढी सपाट जागा आली कुठून? हा प्रश्न मुलांनाच पडू द्या.

१८ सप्टेंबर १८८० रोजी, मुसळधार पावसानंतर डोंगराचा उतार कोसळला. १५१ माणसं गेली. जुनं देऊळही गाडलं गेलं, ते नंतर पुन्हा बांधलं. त्याच ढिगाऱ्याने हे मैदान वाढलं. जवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये त्या दुर्घटनेची आठवण सांगणारी पितळी पाटी आहे.

आता परत येताना मुलांना डोंगरावरून तलावाकडे उतरणारे दगडी नाले दाखवा. पावसाचं पाणी उतारात मुरून माती सैल होऊ नये, म्हणून दुर्घटनेनंतर नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. फोटो कुणी नाल्याचा काढत नाही, पण शहराला आधार त्यांचाच! याच तलावाचं पाणी शहर पितं, म्हणून नाल्यात टाकलेलं वेफर्सचं पाकीट शेवटी कुठे जाणार, हेही विचारा. उताराचा धोका अजून संपलेला नाही. २०१८ मध्ये खालच्या मॉल रोडचा एक भाग तलावात खचला होता.

हा धडा आपल्यापासून लांबचा नाही. २०१४ च्या पावसाळ्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव असंच डोंगराखाली गेलं.

घरी आल्यावर मातीचे दोन ढीग करा. एकावर चर काढा, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींवर झारीने हळूहळू पाणी सोडा. काय होतं ते मुलांनाच सांगू द्या. सहलीचे फोटो मोबाइलमध्ये राहतील, पण डोंगर बघताना 'पाणी कुठून जातं?' असं मूल विचारू लागलं, की सहल सार्थकी लागली समजा.