कुत्र्याच्या पंजाची जखम

मिरा-भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनचा खडकाळ किनारा आहे, उत्तरेस खाडी आहे व मधल्या भागात दाट वस्ती आहे. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपा, रस्त्यावरील फुटक्या काचा व गंजलेले पत्रे यांवरून कुत्री हिंडतात आणि त्यांचे पंजे कापतात. अशा वेळी काय करावे व काय करू नये, हे मुलांना ठाऊक असावे.

कुत्र्याच्या पंजाखाली चार बोटांच्या चार लहान गाद्या व मध्ये एक मोठी गादी असते. गादीची कातडी जाड व खरखरीत असून तिच्या आत चरबीचा मऊ थर असतो. चालताना अंगाचा भार पडून गादी पसरते. त्यामुळे चिरलेल्या गादीच्या कडा प्रत्येक पावलाबरोबर विलग होतात व जखम लवकर सांधत नाही. म्हणून या जखमेस औषधाइतकीच विश्रांतीची गरज असते.

वेदनेने व्याकूळ झालेले कुत्रे धन्यालाही चावते. यास्तव उपचार घरातील मोठ्या माणसानेच करावा. परक्या कुत्र्याला मुलांनी हात लावू नये, वडीलधाऱ्यांना कळवावे.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड जखमेवर दहा मिनिटे दाबून धरावे. मधून मधून उचलून पाहू नये. वर रुतलेली काच चिमट्याने काढावी. खोल गेलेली काच मात्र पशुवैद्यानेच काढावी. नंतर अर्धा लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ विरघळवून त्याने जखम धुवावी. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व मिठागरातील पाणी त्याहूनही खारट असते. ते जखमेवर घालू नये. चुना, राख, रॉकेल हेही लावू नये.

पंजा कोरडा करून बोटांच्या बेचक्यांत थोडा कापूस ठेवावा व पट्टी बांधावी. मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती सुजली वा गार पडली तर पट्टी घट्ट झाली असे समजून ती ताबडतोब सैल करावी. पट्टी रोज बदलावी, भिजल्यास लगेच बदलावी. कुत्र्यास जखम चाटू देऊ नये व धावू देऊ नये. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या त्यास विषारी ठरू शकतात. त्या कधीही देऊ नयेत.

रक्त थांबत नसेल, चीर खोल असेल, कातडीचा तुकडा लोंबत असेल, किंवा पुढे सूज, पू वा दुर्गंधी दिसेल, तर घरगुती उपचारांवर विसंबू नये. पशुवैद्यास दाखवावे.

उपचार करताना कुत्रे चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ उघड्या जखमेस लागली, तर ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लुई पाश्चर यांनी १८८५ साली अलर्करोगाची लस प्रथम मनुष्यास दिली. ही लस वेळेवर घेतली तर प्राण वाचतात. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र हा रोग बहुधा प्राणघातकच ठरतो. म्हणून मार बसेल या भीतीने कोणत्याही मुलाने चावा लपवू नये. शिक्षकांनी हे वर्गात वारंवार सांगावे.

अभ्यास
१. गादीची जखम लवकर का सांधत नाही?
२. पट्टी बांधताना बोटांची टोके उघडी का ठेवतात?
३. कुत्रे चावल्यास प्रथम काय कराल?