जनावर आडवं आलं तर?

प्रश्न : रात्री महामार्गावर कुत्रं किंवा गाय अचानक आडवी आली, तर स्टिअरिंग वळवून तिला वाचवावं ना?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : वाचवावं, पण आधी ब्रेकने. वेगात झटक्यासरशी वळवलेली गाडी उलटू शकते, दुभाजकावर किंवा समोरच्या वाहनावर जाऊ शकते. स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक पूर्ण दाबा. एबीएस असेल तर पेडल थरथरेल, घाबरून पाय काढू नका. गाय बॉनेटवरून थेट काचेवर येऊ शकते, मग वळवायचंच नाही का? वळवा, पण वेग उतरल्यावर, बाजू मोकळी दिसली तरच, शक्यतो जनावराच्या मागून. मुळात रात्री वेग आवरा : तो दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर साधारण चौपट होतं. गाय गेली तरी लगेच निघू नका, मागे वासरू असू शकतं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ लावा.