घुडखर बघायचाय? आधी जीप थांबवा

घोड्याच्या कुळातला खरा रानटी प्राणी महाराष्ट्रात नाही. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणहून तो बघायला जायचं, तर सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे गुजरातेतलं कच्छचं छोटं रण. तिथल्या सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात घुडखर, म्हणजे रानगाढव, राहतो. १९६०च्या आसपास सर्रा आणि आफ्रिकी अश्वरोगानं कळपच्या कळप गेले. १९६९च्या गणनेत फक्त ३६२ जनावरं उरली होती. २०२४च्या गणनेत आकडा ७,६७२ वर पोचला. त्यामुळे आता घुडखर दिसेल का, ही काळजी नको. तो पळताना दिसेल की जगताना, हे मात्र आपल्या वागण्यावर ठरतं.

साहित्य

दुर्बीण. कॅमेऱ्याला १००-४०० किंवा १५०-६०० मिमी झूम. भाड्यानं मिळाली तरी चालेल. तांदूळ भरलेली कापडी पिशवी, म्हणजे जीपच्या कठड्यावर लेन्स टेकवता येते. धूळ झटकायला ब्रश आणि ब्लोअर, कॅमेरा झाकायला उशीचा अभ्रा. वही-पेन्सिल. ओळखपत्र. मातकट रंगाचे कपडे आणि जाड जाकीट. उघड्या जीपमध्ये पहाटेचा वारा झोंबतो.

कृती

१. महिना निवडा. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं आणि अभयारण्य बंद असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात जन्मलेली शिंगरं तेव्हा आईसोबत हिंडत असतात, शिवाय क्रौंच आणि रोहित पक्षीही असतात.

२. सुट्टी जुळवा. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असेल तर फायदाच. रविवारची गर्दी टळते. बुधवारी पहिली पाळी उरकून रात्रीच्या रेल्वेनं किंवा निगडी-वाकडकडून सुटणाऱ्या स्लीपर बसनं अहमदाबाद गाठा. तिथून दसाडा, झैनाबाद, बजाणा हा भाग साधारण शंभर किलोमीटर. गुरुवारी संध्याकाळी एक फेरी, शुक्रवारी पहाटे दुसरी, आणि शनिवारी सकाळी घरी. रजा एकच पडते. एकाच फेरीसाठी एवढा प्रवास करू नका. पहिली फेरी डोळे सरावण्यातच जाते.

३. घराजवळ हात बसवा. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथले चिंकारे उघड्या माळावर असतात आणि माणसाला लांबूनच हेरतात, त्यामुळे अंतर राखण्याचा सराव होतो. पौष पौर्णिमेच्या सुमारास जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. तिथे कान, मान आणि शेपटीच्या हालचाली जवळून बघून घ्या. कान मागे पडले की पुढं काय होतं, हे रणात दुर्बिणीतून शिकण्यापेक्षा इथं लवकर कळतं.

४. वाटाड्याशी आधी बोला. मुक्काम ठरवतानाच परवाना, प्रवेश आणि कॅमेऱ्याचं शुल्क विचारून घ्या. जीपवाल्याला स्पष्ट सांगा: मळलेली वाट सोडायची नाही, कळपामागे गाडी घालायची नाही. पाठलाग करून मिळतो तो घुडखराच्या पार्श्वभागाचा फोटो, आणि तो सगळ्यांकडे असतो. शिवाय घुडखर ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत धावू शकतो.

५. उजाडायच्या आत पोचा. हिवाळ्यात तिथं सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो धूसर येतो. तेव्हा कॅमेरा ठेवा, दुर्बीण घ्या.

६. तिरकं जा आणि थांबा. कळपाच्या रोखानं सरळ जाऊ नका. चरणारी डोकी वर उठली आणि सगळे कान तुमच्याकडे वळले, की तेच तुमचं अंतर. इंजिन बंद करा. उभं राहू नका, कुजबुजू नका. दहा-पंधरा मिनिटांत डोकी पुन्हा खाली जातात. खरं बघणं इथून सुरू होतं: धुळीत लोळण, शिंगरांची पळापळ, आपल्या हद्दीत एकटाच उभा असलेला नर, आणि दुसरा नर आला की चावे नि लाथा.

७. फोटो घ्या. पांढुरक्या जमिनीमुळे कॅमेरा फसतो आणि जनावर काळवंडतं; एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. धावत्या जनावरासाठी शटर १/१००० च्या पुढे. फोकस डोळ्यावर, कॅमेरा शक्य तितका खाली. पाठीवरचा गडद पट्टा आणि ताठ आयाळ कडेच्या उन्हात उठून दिसतात. संध्याकाळी सूर्यासमोर आकृत्या टिपा. उघड्यावर लेन्स बदलू नका. मोबाइलच असेल तर झूम करू नका. लांबच लांब क्षितिजावर ओळीनं चाललेला कळप त्यातही छान येतो.

८. माणसांचा मान ठेवा. रणात अगरिया कुटुंबं मीठ पिकवतात. मिठागरांच्या बांधावरून चालू नका, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. घुडखर रात्री शेतात उतरतात, म्हणून कडेच्या गावांत त्यांच्याबद्दल तक्रारीही ऐकू येतील. त्याही वहीत लिहा.

९. नोंद करा. वेळ, जागा, संख्या, शिंगरं किती, काय खात होते, आपण थांबल्यावर किती वेळानं चरू लागले. हा शेवटचा आकडा पुढच्या खेपेला सगळ्यात उपयोगी पडतो.

१०. निवड करा. घरी आल्यावर प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारा: हा प्राणी कुठं राहतो, हे यातून कळतं का? चौकट भरून नुसतं तोंड असेल तर तो प्राणिसंग्रहालयातही मिळाला असता. रणातलं बेट (उंचवटा), भेगाळलेली माती, वेडी बाभूळ, यांतलं काही सोबत आलं असेल तर ठेवा. बाकीचे निर्दयपणे पुसा.