दादासाहेब फाळके यांचे छायाचित्रण-शिक्षण

छायाचित्रणाच्या पुस्तकातून प्रकाश, अंतर व गती यांचे गणित समजते. परंतु आपण स्वतः टिपलेल्या चित्रात नेमके काय बिघडले, हे आपणांस पुष्कळदा दिसत नाही. ते दाखविण्यास दुसऱ्याची सरावलेली नजर लागते. आज मोबाइलमधील कॅमेऱ्यामुळे चित्र क्षणार्धात पडद्यावर उमटते. त्यामुळे शिकणे सोपे झाले, तशी चूक पुसून टाकून ती विसरणेही सोपे झाले. म्हणूनच जाणत्या मार्गदर्शकाचे व कार्यशाळेचे महत्त्व कमी न होता वाढले आहे. ही विद्या कशी मिळवावी, याचा उत्तम वस्तुपाठ भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या उमेदवारीत सापडतो.

त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नाद धरला. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्यातील चिकाटी हेरली आणि संस्थेचा स्टुडिओ व ग्रंथालय त्यांना मोकळे करून दिले. गज्जर येथेच थांबले नाहीत. त्रिरंगी ठसे, फोटोलिथो व अंधारखोलीतील छपाई यांचे शिक्षण घेण्यासाठी त्यांनी फाळक्यांना रतलाम येथे बाबूलाल वरुवलकर यांच्याकडे पाठविले. जे आपल्याजवळ नाही ते ज्याच्याजवळ आहे, त्याचे दार शिष्याला दाखविणे, हे गुरूचे मोठेच काम होय.

पुढील वाट मात्र सुखाची नव्हती. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला असता प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य दगावले. बडोद्यात पुन्हा दुकान उघडले, तर कॅमेऱ्यामुळे माणसाच्या अंगातील शक्ती जाते, या समजुतीपायी गिऱ्हाईक फिरकेना. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्यातील छापखाना, रंगीत छपाईसाठी १९०९ मधील जर्मनीचा प्रवास, असा हा क्रम. वरवर विस्कळीत भासणाऱ्या या वर्षांत प्रकाश, रसायने व यंत्र यांवर त्यांचा हात बसत गेला.

चित्रपट निर्माण करण्याचा ध्यास लागल्यावर त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले. हे १९१२ च्या आरंभी घडले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. त्याच्या कार्यालयाची पाटी दिसताच ते सरळ आत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. या धंद्यात पडू नये, असाच सल्ला त्यांना प्रथम मिळाला. फाळके ढळले नाहीत, तेव्हा कॅबोर्न यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतील सर्व विभाग दाखवून चित्रीकरणाचे प्रात्यक्षिकही घडविले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवून फाळके १ एप्रिल १९१२ रोजी मायदेशी परतले.

परदेशातील हा मुक्काम सुमारे दोन आठवड्यांचा. एवढ्या अल्प काळात त्यांना इतके कसे घेता आले? उत्तर साधे आहे. वीस वर्षे कॅमेरा व अंधारखोली हाताळलेला हा विद्यार्थी नेमकी अडचण घेऊन गेला होता. दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाणाऱ्या आजच्या होतकरू छायाचित्रकारानेही आपली दहा-बारा चित्रे बरोबर न्यावीत. त्यांत फसलेली अवश्य असावीत. ‘कोणता कॅमेरा घ्यावा’ हे विचारण्यापेक्षा ‘या चेहऱ्यावर सावली का पडली’ हे विचारावे. मार्गदर्शकाने त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा चित्र टिपून घ्यावे. दिवसभर केवळ स्वतःची चित्रे दाखवून टाळ्या घेणाऱ्या वक्त्याचा कार्यक्रम मनोरंजक असेल. पण त्याला कार्यशाळा म्हणणे कठीण आहे, मग शेवटी प्रमाणपत्र मिळो वा न मिळो.

परतल्यावर फाळक्यांनी पहिला पाठ स्वतःच गिरविला. कुंडीत वाटाणा पेरून, दररोज एकेक चौकट टिपून, महिन्याहून अधिक काळ त्यांनी रोपाची वाढ चित्रित केली. पडद्यावर तो सारा खेळ जेमतेम मिनिटभराचा होता. परंतु हा मिनिटभराचा अभ्यास पाहूनच भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसू लागला. उरलेल्या रकमेसाठी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

दादरच्या घरी मग दुसरी शाळा भरली. यात शिकविणारे फाळके होते. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. अंधारात ती पाडण्याचे व रसायने सिद्ध करण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मचे काम, असा त्यांचा दिनक्रम असे. या वाट्याचा उल्लेख पुष्कळदा ओझरताच होतो, हे न्याय्य नव्हे. दिग्दर्शनात गुंतल्यावर कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणे भाग होते. त्यासाठी फाळक्यांनी त्र्यंबकेश्वरचे आपले स्नेही त्र्यंबक बी. तेलंग यांना कॅमेऱ्याचे शिक्षण देऊन तयार केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ जनतेसमोर आला, तेव्हा त्याचे छायालेखक तेलंग होते.